या आठवड्यात काय झालं

चिंचवडमध्ये न जेवल्याच्या गोष्टी मोकळेपणाने सांगता येतात. 'श्रावणभर एकभुक्त होते', 'नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर', 'तीन महिने झाले, रात्रीचं जेवण बंद केलंय', असं कुणी म्हणालं की ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो आणि लगेच विचारतो, 'मग किती कमी झालं?' संकष्टीला मोरया गोसावींच्या समाधी मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत हे कानावर पडतं, आणि सकाळी चाफेकर चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या घोळक्यातही पडतं. पुन्हा जेवायला लागल्याची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. 'मी आता दोन्ही वेळेला पोटभर जेवते' यात सांगण्यासारखं काय आहे, असंच कुणालाही वाटेल. मी आहारतज्ज्ञ आहे. या गावात इतकी वर्षं काम करताना मला मिळालेली सगळ्यात मोलाची वाक्यं हीच आहेत.

एका मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्याबरोबर मी चिंचवडगावात एक गट चालवते. खाण्याशी ज्यांचं नातं बिघडलं आणि आता हळूहळू जुळतं आहे, अशी माणसं शनिवारी संध्याकाळी एका खोलीत गोल करून बसतात आणि आपापलं सांगतात. कुणी उपाशी राहून राहून खंगलेली, कुणी खाऊन उलटी काढणारी, कुणी एका बैठकीत भान हरपून खाणारी. डॉक्टरी पुस्तकांत यांची नावं वेगवेगळी आहेत आणि वयंही वेगवेगळी. उपासमारीच्या आजाराचं वर्णन १८७३च्या सुमारास पॅरिसच्या लासेग आणि लंडनच्या गल या डॉक्टरांनी केलं, खाऊन उलटी काढण्याचं जेराल्ड रसेल यांनी १९७९मध्ये. भान हरपून खाण्याबद्दल अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९मध्येच लिहिलं होतं, पण त्याला स्वतंत्र निदानाची जागा मिळायला २०१३ उजाडावं लागलं. आमच्या खोलीत या नावांचा फारसा उपयोग होत नाही. आमच्याकडे येणारा माणूस 'पित्त होतं' म्हणून येतो, 'अन्न अंगाला लागत नाही' म्हणून येतो, 'वजन वाढलंय, डाएट लिहून द्या' म्हणून येतो. हाँगकाँगमधल्या डॉ. सिंग ली यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं होतं की तिथल्या कितीतरी रुग्ण मुली जाड होण्याच्या भीतीबद्दल बोलतच नाहीत. पोट गच्च झालंय, भूकच नाही, एवढंच सांगतात. ते वाचलं तेव्हा मला आमचीच ओपीडी डोळ्यांसमोर आली.

हा गट कसा चालावा हे आम्हाला पुण्यातल्या मुक्तांगणमुळे थोडंफार ठाऊक होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने महाराष्ट्राला एक गोष्ट दाखवली: व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आपला अनुभव सांगतो तेव्हा समोरचा व्यसनी जसा ऐकतो, तसा तो डॉक्टरचं ऐकत नाही. त्याचं मूळ १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये आहे, आणि १९६०मध्ये लॉस एंजेलिसला अति खाणाऱ्यांसाठी तशाच धर्तीवर गट निघाला. पण दारूचा आणि अन्नाचा हिशेब एक नव्हे. दारू सोडलेला माणूस गुत्त्याचा रस्ता टाळू शकतो. आमच्या माणसांना दिवसातून तीन-चार वेळा नेमकं त्याच गोष्टीसमोर बसायचं असतं, तेही आईच्या, सासूच्या, रूममेटच्या नजरेसमोर. 'सोडलं' असं त्यांना कधीच म्हणता येत नाही, म्हणून त्यांची गोष्ट संपतही नाही. ही अडचण आम्हाला बरीच उशिरा सुटली, आणि ती सोडवली चाकणच्या एका कामगाराने.

तो मूळचा लातूरकडचा, तिशीतला. चाकण एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लाईनवर. पहिली, दुसरी, तिसरी अशी शिफ्ट आठवड्याला फिरते. माझ्याकडे आला तो वजन कमी करायला. बराच वेळ शिफ्ट आणि कॅन्टीनबद्दल बोलत राहिला आणि उठता उठता म्हणाला, "ताई, माझं दारूवाल्यासारखंच आहे बघा. फक्त दारूच्या जागी जेवण." सेकंड शिफ्ट सुटली की खोलीवर पोचायला मध्यरात्र उलटायची. बाकीची मुलं झोपलेली. मग अंधारातच फरसाणचा पुडा, पाव, उरलेला भात, जे हाताला लागेल ते, थांबताच यायचं नाही. सकाळी उठून स्वतःची इतकी शिसारी यायची की शिक्षा म्हणून दुपारचा डबा तसाच परत. मग पुन्हा सेकंड शिफ्ट आणि पुन्हा मध्यरात्र. खोलीतल्या मुलांना वाटायचं, हा दिवसभर खात नाही, काटक गडी आहे.

'हा पोरींचा आजार' असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, त्यामुळे तो गटात येऊनही कितीतरी शनिवार दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसून असायचा. त्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती त्याला पटेना: आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारावर जी उपचारपद्धती बसवली, तिचा पाया हाच आहे. दुपारची उपासमार रात्री वसूल होते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' हे आपण गमतीने म्हणतो, पण त्यात शरीराचं फार खरं शास्त्र आहे. शिफ्टवाल्याच्या बाबतीत तर घड्याळच उलटंपालटं झालेलं असतं. म्हणून आम्ही त्याच्या तिन्ही शिफ्टचे तीन वेगळे तक्ते केले. सेकंड शिफ्टच्या तक्त्यात घराबाहेर पडण्याआधी भाजी-भाकरी, मधल्या सुट्टीत कॅन्टीनचं पूर्ण ताट आणि खोलीवर आल्यावर दूध किंवा पोह्यांचा छोटा वाडगा, उजेडात आणि बसून. 'उजेडात आणि बसून' हे शब्द त्याने स्वतःच्या हाताने तक्त्यावर लिहिले.

मग एका शनिवारी त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. म्हणाला, "आमच्या कंपनीत निअर मिसचं कार्ड असतं." अपघात होता होता राहिला, म्हणजे पाना वरून पडला पण कुणाला लागला नाही, सांडलेल्या तेलावरून पाय घसरला पण माणूस सावरला, तर त्याची नोंद करायची. कार्ड भरणाऱ्याला कुणी रागवायचं नाही, हा नियम. काय घडलं, कुठे, त्याआधी काय चाललं होतं, कशामुळे वाचलो, पुढच्या वेळी काय करायचं. ट्रेनिंगमध्ये त्यांना तो त्रिकोणही शिकवलेला: अमेरिकेतल्या हाइनरिच यांनी १९३१मध्ये मांडलेला हिशेब, की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० बिनइजेच्या घटना असतात. या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आहेत, पण छोट्या गोष्टी वेळेवर सांगाव्यात ही शिकवण कारखान्यांनी धरून ठेवली. त्याने तसंच कार्ड स्वतःसाठी भरलं होतं. ते त्याच्या परवानगीने इथे देते आहे.

'काय घडलं: सेकंड शिफ्टवरून आलो, पुडा फोडला. चार घास उभ्याने खाल्ले. त्याआधी काय झालं: दुपारी डबा खाल्ला नव्हता. लाईन थांबली म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली. घरून फोन, बहिणीच्या लग्नाच्या पैशाचा. कशामुळे वाचलो: लाईट लावला. खोलीतला मित्र जागा झाला, त्याला चहा विचारला. चहाबरोबर दोन चपात्या बसून खाल्ल्या. पुढच्या वेळी: लाईट आधी. डबा परत आणायचा नाही.'

हे वाचून झालं तेव्हा खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पलीकडे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "आणि उरलेला पुडा?" तो म्हणाला, "मित्राने खाल्ला." मग त्या आपलं सांगू लागल्या.

त्याआधी आमच्याकडे गोष्टी पूर्ण सांगितल्या जायच्या. लहानपणापासून सुरुवात, मग वाईट दिवस, मग कळस, आणि शेवटी 'आता मी बरी आहे'. ऐकायला त्या छान वाटत. नवीन आलेल्यांना धीर यायचा, हे मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये राजकुमारी डायना यांच्या आजाराची हकिगत १९९२च्या पुस्तकातून आणि १९९५च्या टीव्ही मुलाखतीतून बाहेर आली, तेव्हा वर्षानुवर्षं लपवून बसलेल्या बायका डॉक्टरकडे आल्या. एवढी ताकद अशा गोष्टीत असते. पण 'बरी झालेली' ही पदवी एकदा मिळाली की ती सांभाळावी लागते. आमच्याकडची एक बाई फार सुंदर बोलायची. बोलावणी यायला लागली, महिला मंडळात, कॉलेजात. आणि तिच्या आजाराने पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा ती आमच्याकडे यायचीच बंद झाली, कारण तिच्याकडे सांगायला शेवट उरला नव्हता. पुढे ती परत आली ती या कार्डामुळे. कार्डात शेवट नसतो, फक्त आठवडा असतो. शनिवारचा पहिला प्रश्नही त्यानंतर ठरून गेला: या आठवड्यात काय झालं?

आणखी एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो: आकडे सांगायचे नाहीत. वजन किती होतं, किती झालं, कंबर किती, किती दिवस नाही खाल्लं, काहीच नाही. उलटी कशी काढली, घरच्यांपासून कसं लपवलं, तेही नाही. बाहेरच्या माणसाला हा नियम जाचक वाटतो. आकड्याशिवाय आजार किती गंभीर होता हे कळणार कसं, असं मला एका पत्रकार मुलीने विचारलं होतं. पण आजारी माणसाच्या कानाला आकडा वेगळा ऐकू येतो. कुणी एक आकडा उच्चारला की खोलीतली निदान दोघं तरी मनात वजाबाकी करतात, आणि 'मी अजून तेवढी आजारी नाही' असा निष्कर्ष काढून घरी जातात. आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची जोडीही म्हणूनच आमच्याकडे चालत नाही. या लेखात कुणाचं वजन आलेलं नाही, ते याच कारणाने.

घरच्यांशी बोलताना मात्र मी एक जुना प्रयोग तपशिलात सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात उपासमार होती, आणि भुकेल्यांना परत जेवतं कसं करायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र घ्यायला नकार दिलेली, स्वेच्छेने आलेली मुलं. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं हळूहळू अन्नाशिवाय दुसऱ्या कशाचाच विचार करेनाशी झाली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली, एकेक घास तासन्‌तास पुरवू लागली. हसणं-बोलणं आटलं, चिडचिड वाढली, सतत थंडी वाजू लागली. आणि अन्न परत मिळालं तेव्हा काही जण पोट दुखेपर्यंत खाऊनही तृप्त होईनात. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता.

आकुर्डीला इंजिनीअरिंग करणाऱ्या एका मुलीच्या वडिलांना मी हे सांगत होते. पिंपरीच्या मोठ्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलगी दिवसभर मोबाईलवर रेसिपी बघायची, रविवारी सगळ्यांसाठी केक, पास्ता करायची, आणि स्वतः तोंडात कणही घालायची नाही. कुणी आग्रह केला की ताट सरकवून उठायची. 'एवढी लाडाची पोर उलट उत्तरं द्यायला लागली' हे त्यांचं दुःख होतं. मिनेसोटाची हकिगत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे हे उपाशी शरीर बोलतंय. ती नाही." त्यानंतर त्यांनी घरी भांडणं थांबवली. रोज रात्री ते तिच्याबरोबर जेवायला बसू लागले, आणि जेवताना तिच्या ताटाकडे न बघता क्रिकेटवर बोलायचे. त्यांच्या मुलीच्या कार्डात 'कशामुळे वाचलो' या ओळीपुढे कितीदा तरी 'बाबा' एवढंच लिहिलेलं असतं.

तिला मात्र आम्ही पहिल्या भेटीत गटात घेतलं नाही. हे मला ठासून सांगायचं आहे. फार खंगलेल्या किंवा वारंवार उलटी काढणाऱ्या माणसाला गोष्टींच्या आधी डॉक्टर लागतो. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वरून माणूस ठीक दिसत असताना हे घडतं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं, कारण रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं. म्हणून आधी रक्ताची तपासणी, ईसीजी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, आणि त्यांनी हो म्हटल्यावर शनिवारची खुर्ची. उपासमारीचा हा आजार मानसिक आजारांपैकी सर्वांत जीवघेण्या आजारांत मोडतो. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, पाळी थांबली असेल, तर कुणाच्या अनुभवाची वाट बघू नये. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

उपवासांबद्दल मला नेहमी विचारतात. मी स्वतः संकष्टी करते, त्यामुळे उपवासाला आजार म्हणणार नाही. १९८९मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या आजाराची पाश्चात्त्य प्रश्नावली दिली, तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं की काही उत्तरांमागे आजाराऐवजी धार्मिक उपवास असू शकतो. पण आजाराला लपायला उपवासासारखी जागा नाही, हेही मी रोज बघते. आमच्या गटात चिंचवडगावातलीच एक सून होती. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी करता करता तिच्या आठवड्यात जेवणाचे वार शोधावे लागत. घरात कुणी हरकत घ्यायचं नाही, उलट शेजारणींमध्ये तिचं नाव होतं. कुटुंबीयांसाठी आम्ही मधूनमधून बैठक घेतो, अशा एका बैठकीला तिच्या सासूबाई आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "चंद्र बघून तू काय खातेस?" सून काही बोलेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, संकष्टी चंद्र बघून जेवल्यावर पुरी होते. न जेवता झोपलीस तर तो उपास गणपतीच्या खाती नाही जमा व्हायचा." मला आणि माझ्या सहकाऱ्याला हे इतक्या थेट सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. पुढच्या संकष्टीला त्यांनी दोन ताटं वाढली आणि गच्चीवर सुनेची वाट बघत थांबल्या. सुनेच्या कार्डात तेव्हा 'वरण-भात, अर्धा मोदक, रडले, सासूबाई थांबल्या' असं होतं.

सगळ्यांचं असं जुळत नाही. काही जण दोनदा येऊन परत दिसत नाहीत. लग्नात भेटलेली नात्यातली बाई सहज म्हणून जाते, "तब्येत सुधारली की गं!", आणि तेवढ्या एका वाक्याने कितीतरी महिन्यांची मेहनत डळमळते. नाईट शिफ्ट करणाऱ्यांना शनिवारी यायलाच जमत नाही. त्यांच्यासाठी दुसरा वार काढायचा म्हणून आम्ही खोली शोधतो आहोत.

मध्यंतरी गटात चर्चा चालू होती ती वेगळ्याच गोष्टीची. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, आणि त्याच्या आगेमागे या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत सेफ्टी वीक साजरा होतो: पोस्टर, शपथ, प्रश्नमंजूषा. आमच्या लातूरकराच्या मनात आलं की तिथे आपण आपलं कार्ड वाचावं. सेफ्टी ऑफिसर तयार होते, कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं देतो म्हणाले. आकुर्डीच्या मुलीने लगेच हरकत घेतली. "कॅन्टीनमध्ये नको, दादा. तिथे समोर ताट घेऊन बसलेला एखादा माझ्यासारखा असेल. त्याचा तो घास तिथेच अडकेल." काकूंना वाटत होतं की नाव सांगू नये, लोक चिडवतील. तो म्हणाला, नाव नाही सांगितलं तर विचारायला कुणी येणार कुणाकडे? यावर दोन शनिवार गेले. शेवटी ठरलं ते असं: जागा ट्रेनिंग रूमची, वेळ जेवण झाल्यानंतरची. नाव सांगायचं, वजन नाही. एकच कार्ड वाचायचं, तेही त्याच आठवड्याचं. आणि वाचून झाल्यावर लगेच लाईनवर परत जायचं नाही, खुर्च्या आवरण्याच्या निमित्ताने थोडा वेळ तिथेच रेंगाळायचं, कारण ज्याला खरोखर काही विचारायचं असतं तो सगळे गेल्यावर येतो.